रूझवेल्ट यांचें बोलणें व मौन

संकटकाळीं राष्ट्राच्या प्रमुखानें लोकांशीं कसें बोलावें, हा प्रश्न निघाला कीं आमचे विद्वान मित्र अब्राहाम लिंकन यांच्या गेटिसबर्ग येथील १८६३ सालच्या भाषणाकडे बोट दाखवितात. वर्गांत तें भाषण आम्हींहि पुष्कळदां शिकविलें. परंतु विचार करावयास अधिक लावतें तें फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचें १२ मार्च १९३३ च्या रात्रीचें, अगदीं साधें, रेडिओवरील भाषण.

त्या वेळची स्थिति वाचकांनीं ध्यानांत आणावी. ४ मार्च रोजीं रूझवेल्ट अध्यक्ष झाले, तेव्हां अमेरिकेच्या बहुतेक संस्थानांत बँकांचे व्यवहार बंद किंवा मर्यादित झाले होते. लोक ठेवी काढून नोटा व सोनें घरांत दडवीत होते. ६ मार्चला अध्यक्षांनीं देशांतील सर्व बँकांस सक्तीची सुटी दिली आणि ९ मार्चला काँग्रेसनें एका दिवसांत नवा कायदा संमत केला. पण सोमवारीं दारें उघडतांच पुन्हा रांगा लागल्या असत्या, तर हें सारें फुकट गेलें असतें.

म्हणून रविवारीं रात्रीं ते बोलले. श्रोते सहा कोटींच्या घरांत असावेत असा अंदाज आहे. पेढीवरील जुन्या मुनिमानें नव्या उमेदवारास समजवावें, तशा रीतीनें त्यांनीं सांगितलें कीं, तुमचा पैसा बँक तिजोरींत रचून ठेवीत नाहीं, तो कर्जांत व रोख्यांत गुंतविते. सर्वांनीं तो एकदम मागितला तर सुस्थितींतील बँकेलाहि देतां येत नाहीं. उद्यां कोठल्या बँका उघडतील, परवां कोठल्या, हें सांगितलें. सर्वच बँका उघडतील किंवा कोणाचेंहि नुकसान होणार नाहीं, असें वचन मात्र दिलें नाहीं. गादीखालीं ठेवण्यापेक्षां उघडलेल्या बँकेंत पैसा अधिक सुरक्षित आहे, एवढी हमी दिली. पाव तासाच्या आंत सर्व आटोपलें. दुसऱ्या दिवशीं रांगा दिसल्या त्या पैसे परत भरणारांच्या!

‘शेकोटीजवळच्या गोष्टी’ हें नांव या भाषणांस मागाहून पडलें. बारा वर्षांत तीं सुमारें तीसच झालीं. रोज उठून लोकांपुढें येणाऱ्या हल्लींच्या पुढाऱ्यांस हा आंकडा खरा वाटणार नाहीं.

येथवर स्तुति करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. पुढें मात्र लेखणी अडते. २३ फेब्रुवारी १९४२ रोजीं, युद्ध चालू असतांना, श्रोत्यांनीं जगाचा नकाशा समोर पसरावा अशी विनंति करून त्यांनीं दूरदूरच्या आघाड्या व समुद्रमार्ग तशाच हातोटीनें समजावून दिले. त्याच्या चारच दिवस आधीं त्यांनीं एका हुकुमावर सही केली होती. त्या हुकुमान्वयें जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांस पश्चिम किनाऱ्यावरून उचलून कांटेरी तारांच्या छावण्यांत कोंडण्यांत आलें. त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. नकाशाच्या त्या भाषणांत याविषयीं एक अक्षर नाहीं.

युद्धकाळीं अप्रिय गोष्ट बोलतां येत नाहीं, असें कोणी म्हणेल. पण लिंकनहि युद्धांतच होते. १८६३ च्या सप्टेंबरांत स्प्रिंगफील्डच्या सभेस जाणें अशक्य झाल्यामुळें त्यांनीं तेथें वाचून दाखविण्यासाठीं आपले स्नेही कॉन्क्लिंग यांजकडे पत्र पाठविलें. गुलाममुक्तीवर रुष्ट झालेल्या गोऱ्यांस त्यांत सरळ ऐकविलें होतें कीं, तुम्ही काळ्यांच्या मुक्ततेसाठीं लढणार नाहीं म्हणतां, पण त्यांतले कांहीं तुमच्यासाठीं लढावयास तयार दिसतात. कॉन्क्लिंग यांस सूचना एकच होती: पत्र अगदीं सावकाश वाचावें.

रूझवेल्ट यांच्या हुकुमाचा तसा सावकाश वाचून दाखविण्याजोगा खुलासा करतां आला असता काय, याची आम्हांस शंका आहे. चाळीस वर्षांनंतर सरकारनेंच नेमलेल्या चौकशी-मंडळानें निर्णय दिला कीं, लष्करी गरज नव्हती. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचें अपयश हींच कारणें होतीं. १९८८ सालीं अध्यक्ष रेगन यांनीं सही केलेल्या कायद्यानें राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर देऊं केले. तोंवर सेहेचाळीस वर्षें लोटलीं होतीं, आणि छावण्यांत नेलेल्यांपैकीं पुष्कळजण ती क्षमा ऐकावयास उरले नव्हते.