प्रलय आणि कुंभ

कुंभकोणम् हे कावेरीकाठचे क्षेत्र तंजावरच्या भोसले राजांमुळे आपणांस अगदीच परके नाही. तेथील स्थलपुराण सांगते की, प्रलयापूर्वी ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे एका कुंभात भरून ठेविली. पाणी ओसरल्यावर तो कुंभ जेथे टेकला व शंकराच्या बाणाने फुटला, तेथे हे नगर वसले. संगणकाच्या इतिहासातील एका प्रलयाची हकीकत सांगताना मला हा कुंभ आठवतो.

संगणकाला वीज मिळताच पहिली आज्ञा येते ती मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमधून. तिच्यातील आज्ञावलीला बायॉस म्हणतात. पूर्वी ती चिपमध्ये कायमचीच कोरलेली असे. १९९० नंतरच्या दशकात पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश चिप रूढ झाली. सोय झाली खरी. पण लिहिण्यास मज्जाव करणारा जंपर पुष्कळ बोर्डांवर मोकळाच सोडलेला असे. अनर्थाचे मूळ मला त्या विषाणूपेक्षा या मोकळीकीतच दिसते.

१९९८ साली तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने जेमतेम एक किलोबाइटचा विषाणू लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी तो देशोदेशी जागा झाला. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख तीच, म्हणून ते नाव त्याला चिकटले. विंडोज ९५ व ९८ वर चालणाऱ्या यंत्रांच्या हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग त्याने पुसला, आणि जेथे साधले तेथे बायॉसही बिघडविले. दक्षिण कोरिया व तुर्कस्तान यांना मोठा फटका बसला. भारतही सुटला नाही.

अशा यंत्राचा पंखा फिरे, पडदा मात्र काळा. दुरुस्तीची आज्ञा द्यावी, तर ती ऐकणारेच आत कोणी उरलेले नसे! काही चिपमध्ये ‘बूट ब्लॉक’ नावाचा छोटा भाग शाबूत राही. त्याला फ्लॉपी वाचण्यापुरते ज्ञान असे. नव्या धर्तीची पडद्याची कार्डे त्याला पुष्कळदा ओळखता येत नसत. कारागीर फ्लॉपीच्या दिव्याकडे डोळे लावून आंधळेपणानेच काम उरकी.

तोही भाग गेला असल्यास उपाय धाडसाचा होता. त्याच जातीचा निरोगी बोर्ड आणावयाचा, तो सुरू करावयाचा, आणि बायॉसची नक्कल मेमरीत उतरली की वीज चालू असतानाच चांगली चिप उपटून तिच्या जागी मृत चिप बसवावयाची. मग तिच्यावर नवी आज्ञावली लिहिली जाई. चिप उलटी बसली, तर निरोगी बोर्डही हातचा जाई. आणि ती डाख देऊन पक्की केलेली असल्यास हा मार्गच खुंटे.

पुढे गिगाबाइट या तैवानच्याच कंपनीने एका बोर्डावर बायॉसच्या दोन चिप बसविण्यास आरंभ केला.