मिठाच्या खड्यातला जमाखर्च

मिठाचा खडा आपल्या रोजच्या ओळखीचा. तापलेल्या तव्यावर तो पडला, तर तडतडतो, उडतो. पण वितळत मात्र नाही. त्याला वितळवायचे, तर उष्णतामान ८०१ अंश सेल्सिअसवर न्यावे लागते. आणि तोच खडा पाण्याच्या तांब्यात टाका, थोड्याच वेळात दिसेनासा होतो! आगीला दाद न देणारा हा खडा गार पाण्यापुढे हार कशी मानतो? प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर मिळायला शास्त्रज्ञांच्या काही पिढ्या खर्ची पडल्या. त्या शोधाची हकीकत आज सांगायची आहे.

आरंभ पॅरिस शहरात झाला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी उष्णता मोजण्याची एक युक्ती काढली. एका भांड्याभोवती बर्फ भरायचे, आत रासायनिक क्रिया घडवायची आणि किती बर्फ वितळले ते वजन करून पाहायचे. जितके पाणी जास्त, तितकी उष्णता जास्त. म्हणजे हाताला नुसती जाणवणारी उष्णता आता तराजूत आली.

पुढचे पाऊल पडले रशियात. जर्मेन हेस हे मूळचे जिनिव्हाचे, जन्म १८०२ चा. लहानपणीच ते रशियात आले, वैद्यकी शिकले, दूर सैबेरियात इर्कुत्स्कला त्यांनी डॉक्टरकी केली आणि मग सेंट पीटर्सबर्गला ते रसायनशास्त्रात रमले. त्यांनी गंधकाम्लात कधी थोडे, कधी जास्त पाणी मिसळले आणि नंतर ते आम्ल अमोनियाने शमवले. पाणी मिसळताना उष्णता जास्त निघाली, तर पुढच्या पायरीला ती कमी निघे. मात्र दोन्ही पायऱ्यांची बेरीज दर वेळी तीच! १८४० साली त्यांनी नियम मांडला : वाट कोणतीही असो, आरंभ आणि शेवट तेच असतील, तर एकूण उष्णता तीच.

हे पटायला अवघड नाही. गडावर सरळ पायऱ्यांनी चढा की वळसे घेत जा, पायथा आणि माथा यांतली उंची काही बदलत नाही. उघड्या भांड्यात, म्हणजे स्थिर दाबाखाली, क्रिया होताना जी उष्णता आत शिरते किंवा बाहेर पडते, तिला आज ‘एन्थाल्पीतील बदल’ म्हणतात. शिक्षकबंधूंनी वर्गात हा अवघड शब्द उच्चारण्यापूर्वी गडाची उंची फळ्यावर काढून दाखवावी, म्हणजे मुले बिचकणार नाहीत.

आता पुन्हा मिठाकडे वळू. १९१३ साली धाकट्या ब्रॅगनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्यात सोडियम आणि क्लोरीन यांच्या सुट्या जोड्या नाहीतच. इलेक्ट्रॉन गमावलेला, धन भाराचा सोडियम आणि इलेक्ट्रॉन मिळवलेला, ऋण भाराचा क्लोरीन असे हे आयन बुद्धिबळाच्या पटासारखे, पण तिन्ही दिशांना, आळीपाळीने मांडलेले असतात. प्रत्येकाला विरुद्ध भाराचे सहा शेजारी. या मांडणीला ‘जालक’ म्हणतात. सुटे, दूरदूरचे आयन एकत्र येऊन जालक बनते, तेव्हा जी ऊर्जा बाहेर पडते ती ‘जालक-ऊर्जा’.

पण ती मोजायची कशी? नुसते आयन बाटलीत भरून ठेवता येत नाहीत. १९१८ मध्ये माक्स बॉर्न आणि आल्फ्रेड लांडे यांनी ती गणिताने काढण्याची रीत दिली. मग ताळा पाहण्यासाठी १९१९ साली बॉर्न, फ्रिट्स हाबर आणि कासिमिर फायान्स यांनी हेस यांचाच नियम हाती घेतला.

आपणही तो हिशेब मांडू या. आजचे आकडे घेऊ, किलोज्यूलमध्ये. माल किती? २३ ग्रॅम सोडियम आणि ३५.५ ग्रॅम क्लोरीन, मिळून ५८.५ ग्रॅम मीठ. सोडियम धातूची वाफ करायला खर्च १०८. क्लोरीनच्या जोड्या फोडायला १२१. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढून घ्यायला ४९६. एकूण खर्च ७२५. क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतला म्हणजे ३४९ जमा. तरीही ३७६ ची तूटच! आणि प्रत्यक्षात तर मीठ बनताना उलट ४११ किलोज्यूल बाहेर पडतात. मग तूट भरून वर एवढी शिल्लक आली कोठून? जालकातून. ३७६ आणि ४११ मिळून ७८७. एवढी उष्णता २५ अंशांचे सुमारे अडीच लिटर पाणी उकळीला आणील, आणि मीठ तर मूठभरच! आगीला खडा दाद का देत नाही, ते आता ध्यानात येईल.

हा ताळा घालणाऱ्यांपैकी बॉर्न आणि हाबर हे दोघेही ब्रेस्लाऊ गावचे. आज ते पोलंडमध्ये आहे. गाव एक, पण वाटा निराळ्या. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत हाबर यांची. खतांचे कारखाने तिच्यावर उभे राहिले. त्याच हाबर यांनी पहिल्या महायुद्धात विषारी वायूंच्या कामाचे नेतृत्व केले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जो वायू सोडला, तो क्लोरीनच होता. बॉर्न त्या कामापासून दूर राहिले. १९३३ मध्ये नाझी सत्ता आली आणि ज्यू वंशाच्या या दोघांनाही देश सोडावा लागला. हाबर १९३४ च्या जानेवारीत बाझेल येथे वारले. बॉर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या निमंत्रणावरून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिले, मग एडिंबरोला प्राध्यापक झाले आणि १९५४ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. श्वास कोंडणारा क्लोरीन आणि आपल्या भाकरीतले मीठ, दोन्हींत मूलद्रव्य एकच. इलेक्ट्रॉन घेऊन जालकात बसला, की तोच क्लोरीन माणसाच्या जेवणात येतो.

आता राहिला पाण्याचा प्रश्न. जालक मोडायला ७८७ किलोज्यूल हवेत, ते पाणी कोठून आणते? पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाला चहूबाजूंनी वेढतात आणि त्या वेढण्यातच सुमारे ७८३ परत मिळतात. राहिली चारची तूट. ती पाणी स्वतःच्या उष्णतेतून भागवते. विरघळलेले आयन मोकळे पसरतात, त्या पसरण्याच्या ओढीमुळे एवढी लहान तूट आड येत नाही. शाळेत तापमापक असेल, तर गुरुजींनी हे करून पाहावे. पाणी आणि मीठ रात्रभर एकाच खोलीत ठेवा. सकाळी पाण्याचा पारा टिपून घ्या, मग पेलाभर पाण्यात तीन-चार चमचे मीठ घालून ढवळा. पारा किंचित खाली उतरेल. तो का उतरला, हे मुलांना आधी सांगू नका. हिशेब त्यांनाच मांडू द्या.