शाळा एकाची, मत दुसऱ्याला

नालासोपारा पूर्वेच्या तुळिंज भागात सरकारी शाळांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. ते मांडणारे लोक शिक्षणाचे वैरी नव्हेत. बहुतेकांना मुलांची कळकळच असते. त्यांचे म्हणणे असे: पालकांनाच सरकारी शाळा नको आहेत. इथला पालक पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी शाळेची फी भरेल, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घालणार नाही. मग घसरत्या पटावर पैसा कशाला ओतायचा? महापालिकेने आधी पाणी आणि गटारे पाहावीत. शाळांना मदत हवीच असेल तर देणगीदार आहेत, कंपन्यांचा सामाजिक निधी आहे. राहता राहिले राजकारण; ते शाळेच्या फाटकाबाहेरच बरे.

मांडणी सुसंगत आहे, आणि पालकांना इंग्रजी हवे आहे हे तिच्यातले विधान खरेही आहे. निष्कर्ष मात्र टिकत नाही.

इंग्रजी हवे म्हणजे खासगीच हवे, हे कोणी ठरवले? लोकलने जाण्याइतक्या अंतरावरचे उदाहरण घ्या. मुंबई महापालिकेने २०२० पासून सीबीएसई आणि आयसीएसई मंडळांच्या शाळा सुरू केल्या. जागा कमी पडल्या, अर्ज जास्त आले, सोडत काढावी लागली. पाटी महापालिकेचीच होती. पालकांनी तिच्याकडे पाहून नाके मुरडली नाहीत.

तुळिंजच्या पालकापुढे काय असते? गाळ्यांच्या वरच्या मजल्यावर, चार खोल्यांच्या भिंती पाडून भरवलेली ‘इंग्लिश स्कूल’. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतो, त्यांत नालासोपारा पूर्वेची नावे नवी नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवणे गुन्हा आहे. एक लाखापर्यंत दंड, त्यानंतर दररोज दहा हजारांपर्यंत. तरीही त्या चालतात. याची किंमत मूल भरते. दाखला घेऊन पालक दुसऱ्या शाळेत गेला की लिपिक आधी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, शोधतो, आणि तो रकाना कोरा असतो. याला पालकांची ‘निवड’ म्हणायचे?

आता मुख्य मुद्दा. वसई-विरार शहर महापालिका ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि लगतच्या ग्रामपंचायती एकत्र करून झाली. शहर झाले, पण प्राथमिक शाळा वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. आधी ठाण्याच्या, १ ऑगस्ट २०१४ नंतर पालघरच्या. महापालिकेकडे हस्तांतराचा प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. ही निव्वळ कागदोपत्री दिरंगाई होती, असे कोणी म्हणेल. तसे नाही. महापालिका हद्दीतल्या मतदाराला जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मतच नसते. तुळिंजच्या वर्गखोलीचे छत गळले तर ज्या सभागृहाने उत्तर द्यायचे, त्यातला एकही सदस्य तुळिंजने निवडलेला नसतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या सदस्यांनी आपल्या पाड्यांवरच्या शाळांसाठी आधी भांडावे हे रास्तच आहे. त्यांना मत देणारे तिथे राहतात. इकडे नगरसेवकाकडे जावे, तर तो म्हणणार, शाळा आमच्या नाहीत. त्यातही महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० च्या जूनमध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे हात झटकायलाही नगरसेवक उरला नाही!

आणि घरपट्टीचे बिल? त्यात शिक्षण कराचा रकाना असतो. तो वसूल करते महापालिका, जमा होतो राज्याच्या तिजोरीत. कर एकाला, मत दुसऱ्याला, शाळा तिसऱ्याची. अशा व्यवस्थेत पट घसरला तर दोष पालकाच्या आवडीनिवडीवर ढकलणे सोयीचे आहे. न्याय्य नाही.

‘आधी पाणी, मग शाळा’ हा युक्तिवाद कायद्यापुढे उभाच राहत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत, आणि प्राथमिक शाळा चालवणे, त्यांना साहाय्य देणे, योग्य जागा देणे हे त्यांतले एक. उद्याने येतात कलम ६६ मध्ये, ऐच्छिक कामांत. पाणी आणि शाळा एकाच यादीत आहेत. त्यांची झुंज कायद्याने लावलेली नाही.

‘लोकांनाच नको’ हे वाक्य तर फार जुने. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हाही लोकांची मागणी नाही, पैसा नाही, हेच ऐकवले गेले. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. त्याआधी, १८८२ साली, जोतीराव फुले शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे हिशेब मागत होते: कर रयतेचा, मग शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर का? प्रश्न शिक्षणाचा होता की राजकारणाचा? वाचकांनीच ठरवावे.

उरला देणगीदार. त्याच्या दप्तरांचे आणि संगणकांचे स्वागतच आहे. पण देणगीदार पुढच्या वर्षी आला नाही, तर त्याला जाब कोण विचारणार? खासगी शाळांतल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा तर कायद्यातल्या होत्या, तरी फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या विनाअनुदानित खासगी शाळांना त्यातून सूट मिळाली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली म्हणून हक्क वाचला. कायद्यातल्या हक्काची ही गत, तर मेहेरबानीचा काय भरवसा?

शाळा हस्तांतरित करणे म्हणजे इमारतींच्या किल्ल्या देणे-घेणे नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि तिने केलेल्या विकास आराखड्यावर अनुदान ठरावे, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २२ सांगते. तुळिंजच्या पालकांचा आराखडा कोणत्या सभागृहात मांडला जाणार, त्यासाठी अर्थसंकल्पात कोणते लेखाशीर्ष असणार, आणि त्याला विरोध करणाऱ्या सदस्याला तुळिंजचा मतदार कोणत्या निवडणुकीत गाठणार? सरकारी शाळा ‘कोणालाच नको’ म्हणणाऱ्यांनी आधी याची उत्तरे द्यावीत.