निवेदकाची साक्ष

लोहपडद्याआड एलएसडी मिळेना, तेव्हा हंगेरीचे वैद्यक स्टीफन सारा यांनी डीएमटी हे अल्पकाळ टिकणारे भ्रमकारी द्रव्य स्वतःलाच टोचून घेतले. त्याचे परिणाम त्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले. तेथे पाहणारा आणि अनुभवणारा एकच होता.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या, २० स्वयंसेवकांच्या अभ्यासात या भूमिका वेगळ्या झाल्या. एरवी पृथक राहणारी मेंदूतील जाळी काही मिनिटे एकमेकांत मिसळतात, असे मेंदूच्या प्रतिमांत दिसले. अनुभवाची तीव्रता मात्र स्वयंसेवकांनाच विचारावी लागली.

निवेदकावर विश्वास कितपत ठेवावा, हा समीक्षेचा जुनाच प्रश्न. प्रयोगशाळेचीही त्यातून सुटका झालेली नाही, असे आम्हांस वाटते.