४ फेब्रुवारी २०२४ : एका रात्रीत तीन ग्रॅमी

लॉस एंजेलिसमधील ६६व्या ग्रॅमी सोहळ्यात माहीमचे तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन यांना एकाच रात्री तीन पुरस्कार मिळाले. त्याआधी कुणा भारतीयाला हे जमले नव्हते. ‘पश्तो’ ही रचना आणि ‘ॲज वी स्पीक’ हा अल्बम यांत बेला फ्लेक यांच्या बँजोशी राकेश चौरसिया यांची बासरी रंगली होती. तिसरा मान ‘शक्ती’ या बँडच्या ‘धिस मोमेंट’ अल्बमचा. जॉन मॅकलॉफ्लिन यांच्यासह १९७३मध्ये उभ्या राहिलेल्या या चमूत आता चेंबूरचे शंकर महादेवन गात होते. ते भावगीतांचे संगीतकार श्रीनिवास खळे यांचे शिष्य, म्हणजे हा ग्रॅमी थोडा आपल्या भावगीताचाही! झाकीरभाईंचे त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत निधन झाले.