वेळापत्रकातला झिजलेला चौकोन

१४ जून, संध्याकाळचे सहा. शिरूर. उद्या शाळा उघडणार, आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून तुम्हाला अजून महिनाही झालेला नाही. खुर्चीच्या पाठीवरचा टर्किश टॉवेल आधीच्या सरांचा. तो बदलायचं धाडस तुम्हाला अजून झालेलं नाही.

टेबलावर तीन कागद आहेत. पहिला, आधार न जुळलेल्या मुलांची यादी. सप्टेंबरअखेरच्या पटात ही मुलं धरली गेली नाहीत, तर शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत एक पद उडणार आणि कुणीतरी अतिरिक्त ठरणार. कोण, ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही. दुसरा, बाकांच्या दुरुस्तीचं कोटेशन. वेतनेतर अनुदान यायचं तेव्हा येईल, तोवर मागच्या खोलीत मोडके बाक एकमेकांवर पाय टाकून पडलेत. तिसरा, नववी ‘ब’चं वेळापत्रक, पेन्सिलीनं आखलेलं. शनिवारचे शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे. तेवढ्या चौकोनाचा कागद खोडरबरानं इतका झिजलाय की पलीकडचा उजेड दिसतो. जूनमध्ये कार्यानुभव लिहायचं. दिवाळीनंतर गणिताच्या सरांनी यायचं, “पोर्शन राहिलाय” म्हणायचं. मग ते खोडून गणित लिहायचं. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

बाहेर कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलाय. तीच शाळेची घंटा. दौंडहून कुणीतरी आणला, एवढंच त्याबद्दल सांगतात. उद्यासाठी म्हणून शिपाईमामा एक टोल देऊन पाहतात.

ठण्ण.

पाबळ, १९८० चं दशक

पायाखाली मुरूम, समोर उघडा माळ. तालुका तुमचाच, पण नदीकाठचा ऊस इथं दिसत नाही. माळावर त्रिकोणाला त्रिकोण जोडून उभा केलेला एक घुमट आहे. हा विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट, मग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात उमेदीची वर्षं, आणि त्यानंतर हे कोरडवाहू गाव.

इथल्या माध्यमिक शाळेतली मुलं आठवड्यातला एक अख्खा दिवस हातानं काम करतात. विषयाचं नाव ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’. त्याचे भाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य.

तुम्ही शेडमध्ये शिरता. एक मुलगी लोखंडी चौकटीपाशी उकिडवी बसलीये. काटकोन तपासायचा गुण्या दुसऱ्या गटानं नेलाय. ती टेप काढते. कोपऱ्यापासून एका बाजूवर तीन फुटांवर खडूची रेघ मारते, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर मोजते. पाच फूट एक इंच. कोपरा उघडलाय. हातोडीचा एक हलका ठोका, पुन्हा टेप. बरोबर पाच. आता ती बाजूला होते आणि वेल्डर टाका मारतो.

तुमच्या शाळेत पायथागोरसचं प्रमेय मुलं घडाघडा म्हणतात. चौकट काटकोनात आहे का, हे त्याच प्रमेयानं बघायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंय का? तुम्ही मनातल्या मनात विचारता, आणि उत्तर टाळता.

शिकवणारा माणूस गावातलाच आहे, त्याच्याकडे बी.एड.ची पदवी नाही. गावातलं कुणाचं काम घेतलं तर त्याचे पैसे लावले जातात. त्यामुळे कापलेला प्रत्येक फूट वहीत चढतो, आणि माप चुकलं तर कुणाचं तरी नुकसान होतं, हे मुलांना आपोआप कळतं. पण तुमची नजर एका वेगळ्याच गोष्टीवर थांबते, ती मुख्याध्यापकालाच दिसते. माध्यमिक शिक्षण मंडळानं या विषयाला मान्यता दिली. विषय गुणपत्रिकेवर आला. ज्या तासाला गुण नाहीत, तो तास कुणीही येऊन खोडतो.

ठण्ण.

केडगाव, १९००

भीमा ओलांडून तुम्ही दौंड तालुक्यात येता. केडगावच्या स्टेशनात गाडी थांबते आणि डब्यातून मुली उतरतात. दुष्काळानं सोलवटलेल्या मुली. काहींची बोली इथल्या कुणालाच कळत नाही. तुम्ही त्यांच्या मागून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात शिरता.

रमाबाई बेचाळीस वर्षांच्या आहेत. पांढरं लुगडं, आखूड कापलेले केस. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांचा कारभार त्यांनी जवळून पाहिलाय, आणि अमेरिकेत फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत अभ्यासलीये. ११ मार्च १८८९ ला मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पालकाचा भरवसा उडाला की पट कसा घसरतो, हे त्यांनी तुमच्या आधी अनुभवलंय. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, पुण्यात प्लेग आला, आणि मुक्काम या माळरानावर हलला.

आता इथं दीड हजार माणसं आहेत आणि शंभरावर गुरं. एक शिक्षक रजेवर गेला की तुमच्या शाळेत ऑफ तासाचा गोंधळ उडतो. हा गाडा कोण हाकतं?

उत्तर अंगणातच दिसतं. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी डझनभर नव्या मुलींना घेऊन बसलीये. तिची पाटी आधीच शिकून झालीये, म्हणून आज ती शिकवतेय. हजेरी घेताना ती एकीला नाव विचारते. मुलगी गप्प. थोरली पुढच्या नावाकडे जात नाही. पाटी मांडीवर ठेवून नुसती बघत राहते. शेवटी कुजबुजल्यासारखं एक नाव येतं, आणि ती ते दोनदा म्हणून खात्री करून घेते.

पलीकडे माग चालतोय, गोठ्यात धारा काढणं चाललंय, भल्यामोठ्या चुलींवर अन्न शिजतंय. ही कामंही पाटी-पुस्तकाच्या बरोबरीनं दिवसाच्या आखणीत बसवलेली. देणगी आली तर पैसा, नाहीतर नाही. त्यामुळे स्वतः केल्याशिवाय इथं कुणाच्याही ताटात काही पडत नाही. याच सुमाराला तुमच्या शिरूरातही अमेरिकन मराठी मिशनची सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळा मुलांना हातकाम शिकवत होती. म्हणजे हा विषय या मातीला नवा नाही. तुमच्याच कागदावर तो झिजत गेला.

ठण्ण.

“आवाज बरोबर येतोय ना सर?” मामा विचारतात.

तुम्ही टॉर्च घेऊन मागच्या खोलीत जाता आणि मोडके बाक मोजता. एकोणीस दुरुस्त होण्यासारखे आहेत. बाकीचे त्यांच्यासाठी सुटे भाग.

मग परत टेबलाशी. हुकूम काढून हा तास वाचणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. गणिताचे सर काही दुष्ट नाहीत; दहावीचा निकाल त्यांच्या नावावर मोजला जातो. म्हणून चौकोनात तुम्ही दोन नावं लिहिता. एक बाजारतळावरच्या वेल्डरचं, ज्याचं मानधन शाळा समितीपुढे ठेवायचं आहे. दुसरं गणिताच्या सरांचं: टाका वेल्डर मारेल, पण चौकट काटकोनात आहे की नाही हे सर तपासून घेतील, आणि त्याचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले जातील. वहीच्या मागच्या पानावर तुम्ही खरेदीची यादी करता: गॉगल, हातमोजे, दोन टेप, एक गुण्या.

पेन्सिल ड्रॉवरमध्ये जाते. तुम्ही शाईचं पेन उघडता. झिजलेल्या कागदावर शाई जराशी फुटते, तरी अक्षर वाचता येतं.

उद्या पहिल्या तासाआधीच गणिताचे सर केबिनमध्ये येतील. मामांना दोन चहा सांगून ठेवा.