बंगालचा नसलेला 'बंगाली' गुलाब

उर्दूतून मराठीत आलेले शब्द शिकवताना मी फळ्यावर 'गुलाब' लिहितो. 'गुल' म्हणजे फूल, 'आब' म्हणजे पाणी. फारसीत गुलाब हे गुलाबपाण्याचे नाव. आपल्याकडे येता येता ते फुलालाच चिकटले. मुलांना गंमत वाटते. गुलाबांच्या नोंदींचा इतिहास वाचल्यापासून मला मात्र ही नुसती गंमत वाटत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले बागेतले गुलाब युरोपात पोहोचले. युरोपातल्या बहुतेक जुन्या गुलाबांना वर्षातून एकदाच बहर येई; हे पुन्हा पुन्हा फुलत. काही रोपे चीनहून कलकत्तामार्गे गेली, म्हणून फ्रेंच लोक या गुलाबांना 'बंगालचे गुलाब' म्हणू लागले. जॅक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६८ मध्येच 'रोझा चायनेन्सिस' हे नाव दिले होते. तरीही १८१७ ते १८२४ या काळात निघालेल्या रदूतेच्या प्रसिद्ध चित्रग्रंथात या गुलाबांची नोंद 'रोझा इंडिका' अशी झाली. वाटेतला मुक्काम हेच मूळ गाव ठरले.

दमास्क गुलाबाचे नाव दमास्कस शहरावरून पडले. क्रूसेडवरून परतणाऱ्या सरदाराने तो फ्रान्सला आणला, अशी कथाही रूढ झाली. २००० साली जपानी संशोधकांनी त्याची जनुकीय तपासणी केली, तेव्हा एक नाही, तीन पूर्वज निघाले. त्यांतला एक मध्य आशियातला रानगुलाब!

चिनी आणि दमास्क या दोन घराण्यांची सोयरीक हिंदी महासागरातल्या बूर्बाँ, म्हणजे आजच्या रियुनियन बेटावर जुळली. तिथल्या संकराला 'रोझ एदुआर' म्हणत. भारतात तो 'एडवर्ड' झाला. गुलकंदासाठी आणि कलमांच्या खुंटासाठी वापरात आला. आता तो चिनी, शामी, फ्रेंच की भारतीय?

जुने अनोळखी गुलाब ओळखणारे जाणकार केवळ फुलाच्या रंगावर किंवा बागेतल्या पाटीवर विसंबत नाहीत. पाने, काट्यांचा आकार, कळीखालची हिरवी दले, फळ, सुगंध, बहराचा काळ असे सगळे पाहतात. त्यासाठी वर्षभर रोपाजवळ राहावे लागते. नव्या जातींच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद १९५५ पासून अमेरिकन रोझ सोसायटी ठेवते. जुन्यांची ओळख अजूनही अशीच पटवावी लागते.

एका प्रशिक्षणात एका सहकाऱ्याने कौतुकाने विचारले होते, "सर, तुमचं मराठी फार छान आहे. मूळचे कुठले तुम्ही?" माझ्या पणजोबांची कबर याच तालुक्यात आहे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांनी फक्त पाटी वाचली होती.

हल्ली 'गुलाब' शिकवून झाला की मुलांना शाळेतल्या झाडापाशी नेतो. आधी नीट बघा, जे दिसेल ते वहीत लिहा, म्हणतो. नाव सगळ्यात शेवटी.